तीन डेटाबेस, तीन एच-इंडेक्स: मौखिक आरोग्य संशोधकाचं काम मोजायचं कसं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. तुमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापिकेचं नाव पुरस्कारासाठी पाठवायचं आहे. गेली पंचवीस वर्षं त्या लोकसमूहांमधली दंतकीड आणि हिरड्यांचे विकार यांवर संशोधन करत आहेत. अर्जासोबत ‘सायटेशनचा प्रभाव आणि सहकार्य’ या मथळ्याखाली दोन पानांचं टिपण जोडायचं आहे (सायटेशन म्हणजे एका लेखाचा दुसऱ्या लेखात दिलेला संदर्भ) आणि ते काम तुमच्याकडे आलं आहे. एच-इंडेक्स म्हणजे पेपरांची संख्या आणि त्यांची सायटेशन एकत्र मोजणारा आकडा. संशोधन लेखांची नोंद ठेवणाऱ्या तीन डेटाबेसांपैकी गूगल स्कॉलर मॅडमचा एच-इंडेक्स ३८ दाखवतं, स्कोपस २७ आणि वेब ऑफ सायन्स २३. सहलेखकांचा नकाशा काढला तर ९० देश रंगले. यातला खरा एच-इंडेक्स कोणता, आणि ९० देश लिहिले तर चालतील का, असं तुम्ही विचारलंय.

थोडक्यात सांगायचं तर तिन्ही एच-इंडेक्स खरे आहेत, आणि ९० देश तसेच लिहू नका. पण एवढ्यावर तुमचं टिपण उभं राहणार नाही. पुरस्कार समितीला मुळात दोन गोष्टी कळून घ्यायच्या असतात: या बाईंच्या कामामुळे दुसऱ्या कुणाचं काम पुढे सरकलं का, आणि त्या खरोखर कुणाबरोबर काम करतात. आकडे हे या दोन प्रश्नांपर्यंत पोचायचे रस्ते आहेत. मी आरोग्यविज्ञानाच्या ग्रंथालयात बरीच वर्षं हेच काम करतेय आणि दंतवैद्यकातल्या संशोधकांची अशी टिपणं अनेकदा केली आहेत. त्या अनुभवातून सांगते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. समितीत दंतवैद्यकातलीच मंडळी आहेत की वेगवेगळ्या शाखांतली? अर्जात डेटाबेस नेमून दिलाय का? तुमच्या संस्थेकडे स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्सची वर्गणी आहे का, की सगळं मोफत साधनांवर करायचं आहे? समिती मिश्र शाखांची असेल तर शाखेनुसार तुलना करणारे आकडे अत्यावश्यक होतात. सगळे दंतवैद्यकातलेच असतील तर जर्नलचं नाव आणि विषय पाहूनच त्यांना अर्धी गोष्ट कळते.

आता कामाची सुरुवात. आकडा काढायच्या आधी यादी करा. मॅडमच्या सगळ्या पेपरांची, हाताने तपासलेली, एकच यादी. हे सांगितलं की लोक हमखास कंटाळतात, पण माझ्या अनुभवात चुका सर्वांत जास्त इथेच होतात. एकदा आम्ही एका संशोधकाचं प्रोफाइल डेटाबेसमधून जसंच्या तसं घेऊन टिपण पाठवलं. त्यात आडनाव आणि आद्याक्षरं सारखी असलेल्या दुसऱ्या दंतवैद्याचे इम्प्लांटवरचे पेपर मिसळलेले होते. परीक्षकाने ते ओळखलं. चूक डेटाबेसची होती, पण सही आमची होती, आणि त्या संशोधकाला विनाकारण खुलासा द्यावा लागला. त्या दिवसापासून यादी तपासल्याशिवाय मी एकही आकडा कागदावर घेत नाही.

यादी करताना नावाचे सगळे अवतार शोधा: पूर्ण नाव, नुसती आद्याक्षरं, लग्नाआधीचं आडनाव, जोडआडनाव, वेगळं स्पेलिंग. मॅडमचं ऑर्किड खातं असेल तर तिथून सुरुवात करा. ऑर्किड हा संशोधकाचा सोळा अंकी ओळखक्रमांक आहे, २०१२ पासून तो मिळतो, आणि नावांचा घोळ सोडवायलाच तो काढला गेला. खातं नसेल तर आजच उघडायला सांगा. पण ऑर्किडमधली यादीही संशोधकाने स्वतः सांभाळली असेल तरच पूर्ण असते. म्हणून ती पबमेड ही वैद्यकीय लेखांची मोफत सूची आणि मॅडमचा स्वतःचा बायोडेटा या दोन्हींशी पडताळून घ्या.

दंतवैद्यकात याखेरीज काही खास खाचखळगे आहेत. हिरड्यांच्या विकारांचं नवं वर्गीकरण २०१७ च्या जागतिक कार्यशाळेत ठरलं आणि २०१८ मध्ये त्यावरचे लेख एकाच वेळी दोन जर्नलमध्ये छापले गेले, जर्नल ऑफ क्लिनिकल पेरिओडॉन्टॉलॉजी आणि जर्नल ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजी. लेख तोच, डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक) दोन. कुणी एकाला सायटेशन देतं, कुणी दुसऱ्याला. मॅडम अशा एखाद्या लेखाच्या सहलेखिका असतील तर सायटेशन दोन जागी वाटली गेली असणार. ती जोडायची की नाही हे ठरवा, आणि जे ठरवाल ते लिहून ठेवा. एखाद्या उपचारावरच्या सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या पुनरावलोकनांचंही असंच. तिथे आढावा नव्याने केला की सुधारित आवृत्तीला नवा डीओआय मिळतो, मग जुन्या आणि नव्या आवृत्तीची सायटेशन वेगवेगळी पडतात. परिषदांमधले सारांश जर्नलच्या पुरवणी अंकात छापलेले असतात. गूगल स्कॉलर त्यांना पेपर समजतं. त्यांचा वेगळा रकाना करा.

या यादीवरून तीन एच-इंडेक्समधला फरकही उलगडतो. वेब ऑफ सायन्सचा मुख्य संग्रह निवडक जर्नलचा आहे. स्कोपसची व्याप्ती त्याहून मोठी. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासण्याआधीच प्रसिद्ध केलेले मसुदे), अहवाल, पुस्तकांतले संदर्भ, विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरच्या फायली असं सगळंच गोळा करतं, आणि काय घेतलं नि काय वगळलं याची यादी प्रसिद्ध करत नाही. त्यामुळे तिथला आकडा जवळजवळ नेहमीच मोठा येतो. तो मोठा आहे एवढ्यावरून खोटा ठरत नाही. सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्या दंतवैद्याचा पेपर सरकारी अहवालात किंवा पदव्युत्तर प्रबंधात वापरला गेला, तर तोही प्रभावच आहे. फक्त तो आकडा दुसरं कुणी तपासायला बसलं तर त्याला कठीण जातं. म्हणून मी मुख्य आकडा स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्समधून घेते, गूगल स्कॉलरचा पूरक म्हणून देते, आणि प्रत्येक आकड्याशेजारी डेटाबेसचं नाव नि पाहिल्याची तारीख लिहिते. वर्गणी नसेल तर ओपनॲलेक्स वापरा. मायक्रोसॉफ्टचा विद्वत्तेचा संग्रह २०२१ अखेर बंद झाल्यावर २०२२ मध्ये ते सुरू झालं. ते मोफत आहे आणि त्याचा सगळा डेटा खुला आहे. दोन डेटाबेसमधले आकडे एका वाक्यात मात्र कधी मिसळू नका. पेपरांची संख्या स्कोपसची आणि सायटेशन गूगलची अशी टिपणं मी पाहिली आहेत, आणि ती पहिल्याच वाचनात बाजूला पडतात.

एच-इंडेक्सबद्दल थोडं. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये तो मांडला. किमान २७ सायटेशन मिळालेले २७ पेपर असले की एच-इंडेक्स २७. तो कधीच कमी होत नाही, कारकीर्द लांबली की आपोआप वाढतो, पेपरवर नाव पहिलं आहे की चाळिसावं हे त्याला कळत नाही, आणि एखाद्या पेपरला तीन हजार सायटेशन असली तरी तो एकच पेपर धरला जातो. अर्जात मागितला असेल तर द्या, एका ओळीत. त्यावर परिच्छेद लिहू नका. आय-टेन इंडेक्स, जी-इंडेक्स अशा आणखी मापकांची रांग लावूनही टिपण भक्कम होत नाही. हे सगळे त्याच कच्च्या मालावरचे आकडे आहेत.

जास्त उपयोगी प्रश्न असा: हा पेपर त्याच विषयातल्या, त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या पेपरांच्या तुलनेत कसा आहे? दंतवैद्यकात हे विशेष महत्त्वाचं ठरतं, कारण या एका शाखेच्या पोटात फार वेगळ्या वस्त्या आहेत. मुखकर्करोगावरचे पेपर कर्करोगतज्ज्ञ वाचतात. हिरड्यांचे विकार आणि मधुमेह यांच्या नात्यावरच्या लेखांना वैद्यकातूनही सायटेशन मिळतात. दंतसाहित्यावरचं संशोधन पदार्थविज्ञानाच्या जर्नलपर्यंत पोचतं. पण शाळकरी मुलांमधल्या दंतकिडीचं सर्वेक्षण करणाऱ्या पेपरचा वाचकवर्ग लहान असतो, आणि त्यातले बरेच जण कार्यक्रम राबवणारे अधिकारी असतात. ते वाचतात, वापरतात, पण पेपर लिहीत नाहीत, म्हणून सायटेशन देत नाहीत. अशा दोन संशोधकांचे कच्चे आकडे शेजारी ठेवणं सरळसरळ अन्यायाचं आहे.

यासाठी स्कोपसच्या डेटावर चालणारा एक मापक आहे, ज्यात क्षेत्रानुसार भार देऊन सायटेशन मोजतात. पेपर आला ते वर्ष आणि पुढची तीन वर्षं एवढ्या काळातली सायटेशन घेऊन ती तशाच पेपरांच्या जागतिक सरासरीशी ताडून पाहतात. १.०० म्हणजे सरासरीइतकं, १.५० म्हणजे सरासरीपेक्षा पन्नास टक्के जास्त. दिसायला सोपा आहे, पण दोन ठिकाणी फसवतो. पहिलं, ‘क्षेत्र’ ठरतं ते पेपर छापणाऱ्या जर्नलवरून. मॅडमचा एक पेपर कम्युनिटी डेंटिस्ट्री अँड ओरल एपिडेमिऑलॉजीमध्ये आणि तशाच आशयाचा दुसरा एखाद्या बहुविषयी जर्नलमध्ये आला असेल, तर दोघांची तुलना वेगळ्या टोपलीतल्या पेपरांशी होते. दुसरं, ही सरासरी आहे आणि सायटेशन कधीच सारखी वाटलेली नसतात. समजा दहा पेपर आहेत, नऊ पेपरांचा आकडा ०.८ आणि एकाचा ३०. सरासरी निघते ३.७२. वाचणाऱ्याला वाटेल की सगळंच काम जगाच्या पावणेचारपट आहे, आणि प्रत्यक्षात दहापैकी नऊ पेपर सरासरीखाली आहेत. म्हणून सरासरीसोबत मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, द्या. त्याहून बरं म्हणजे ‘इतक्या पेपरांपैकी इतके आपल्या क्षेत्रातल्या सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या दहा टक्क्यांत आहेत’ असं सांगा. हे वाक्य कुणालाही कळतं आणि एका अवाढव्य पेपरने ते बिघडत नाही.

वर्गणी नसलेल्यांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचं आयसाइट हे मोफत साधन आहे. त्यात पबमेडमधल्या लेखांचं सापेक्ष सायटेशन गुणोत्तर मिळतं. मला ते मौखिक आरोग्यासाठी आवडतं, कारण ते क्षेत्र जर्नलवरून ठरवत नाही. तुमच्या लेखासोबत इतर लेखक आणखी कोणते लेख उद्धृत करतात, त्या शेजारावरून क्षेत्र ठरवतं. त्यात १.० म्हणजे त्या संस्थांच्या निधीतून झालेल्या पेपरांचा मध्यक, म्हणजे तुलनाही तशी कडक आहे. पबमेडबाहेरचे पेपर मात्र तिथे सापडणार नाहीत.

स्वतःच्याच पेपरांना दिलेल्या सायटेशनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण समिती विचारेल. ती वगळून आणि धरून असे दोन्ही आकडे द्या. स्टॅनफर्डचे इओअॅनिडिस आणि सहकाऱ्यांनी २०१९ पासून जो जागतिक संशोधकांचा डेटाबेस प्रसिद्ध केला, त्यातही दोन्ही प्रकारे क्रम लावलेला असतो. पण आकडा जास्त दिसला म्हणून लगेच संशय घेऊ नका. दीर्घकाळ पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांत असं होणं स्वाभाविक आहे. न्यूझीलंडमधल्या डनिडन अभ्यासात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा माग प्रौढ वयापर्यंत ठेवला गेला, त्यात दातांची तपासणीही होती. अशा अभ्यासातून निघालेला प्रत्येक नवा पेपर जुन्या पेपरांना उद्धृत करणारच. नमुना कसा निवडला, दात कसे तपासले, हे दर वेळी पुन्हा लिहायचं नसतं. मॅडमचा असा अभ्यास असेल तर ते एका वाक्यात सांगून टाका.

आता मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम सांगते. सायटेशन उघडून वाचा. सगळी नाही, पण वरच्या दहा पेपरांना उद्धृत करणारे प्रत्येकी वीस लेख घ्या, वेगवेगळ्या वर्षांचे, आणि ज्या वाक्यात मॅडमचा पेपर आलाय ते वाक्य शोधा. मी चार रकाने करते: नुसती पार्श्वभूमी म्हणून आलेलं, पद्धत किंवा साधन म्हणून वापरलेलं, निष्कर्षांशी तुलना केलेली, आणि मतभेद नोंदवलेला. दोनशे वाक्यं वाचायला दोन-तीन दिवस लागतात. पण त्यातून जे हाती येतं ते कुठलाच डेटाबेस देत नाही.

एक उदाहरण घ्या. गॅरी स्लेड यांनी १९९७ मध्ये चौदा प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, ओएचआयपी-१४. दात-तोंडाच्या त्रासाचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो ते तिने मोजतात. जगभर तिची भाषांतरं झाली. त्या पेपरला येणारी सायटेशन मुख्यतः ‘आम्ही हे साधन वापरलं’ अशा अर्थाची असतात. हा प्रभाव फार मोठा आहे, पण त्याचं स्वरूप नवा सिद्धान्त मांडणाऱ्या पेपरच्या प्रभावाहून वेगळं आहे. उलट प्रकारही होतो. किडलेले, काढलेले आणि भरलेले दात मोजण्याचा डीएमएफटी निर्देशांक १९३८ सालचा, क्लाइन, पामर आणि नटसन यांचा. आज तो इतका अंगवळणी पडलाय की असंख्य पेपर मूळ लेखाचं नावही न घेता तो वापरतात. एखादं साधन सगळ्यांचं झालं की त्याची सायटेशन थांबतात. मॅडमनी एखादी तपासणीची पद्धत, प्रशिक्षणाचा आराखडा किंवा प्रश्नावली तयार केली असेल, तर ती नावाने शोधा. सायटेशनच्या यादीत ती न दिसताही वापरात असू शकते.

उद्धृत करणारे लेख कोणत्या विषयांतले आहेत तेही पाहा. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस दोन्हीकडे ही वर्गवारी एका क्लिकवर मिळते. दंतवैद्यकाबाहेरून, म्हणजे आहारशास्त्र, वृद्धांचं आरोग्य, मधुमेह, शालेय आरोग्य अशा बाजूंनी सायटेशन येत असतील, तर लोकसमूहांवर काम करणाऱ्या संशोधकाच्या बाबतीत ती फार बोलकी गोष्ट आहे.

आता सहकार्याकडे वळते, आणि तुमच्या ९० देशांकडे. माझा अंदाज आहे की हे देश एक-दोन पेपरांतून आले आहेत. मौखिक आजारांचं जागतिक ओझं मोजणारे जे मोठे प्रकल्प आहेत, त्यांच्या पेपरांवर शेकडो सहयोगी असतात. ते काम महत्त्वाचंच आहे. मौखिक आजारांनी जगातले सुमारे साडेतीन अब्ज लोक ग्रासलेले आहेत, असं जागतिक आरोग्य संघटना २०२२ च्या अहवालात म्हणू शकली ती याच प्रकारच्या अंदाजांच्या आधारावर. पण त्या पेपरवर नाव असलेली माणसं एकमेकांना भेटलेली असतीलच असं नाही.

हिशेब करून पाहा. पाच लेखकांच्या पेपरमधून सहलेखकांच्या १० जोड्या तयार होतात. ३०० लेखकांच्या एकाच पेपरमधून ४४,८५० जोड्या. म्हणजे वीस वर्षं चार जणांसोबत खपून लिहिलेले शंभर पेपर मिळून १,००० जोड्या, आणि एका पेपरने त्याच्या चव्वेचाळीस पट. नकाशावर मग तोच एक पेपर दिसतो, मॅडम दिसतच नाहीत. त्यात भर म्हणजे सहयोगी गटाच्या नावाने छापलेल्या लेखात एक डेटाबेस प्रत्येक सहयोग्याला लेखक धरतो आणि दुसरा गटाचं नाव तेवढं घेतो. त्यामुळे तोच नकाशा दोन ठिकाणी काढला तर दोन वेगळी जगं दिसतात.

मी नकाशा दोनदा काढते. एकदा सगळ्या पेपरांचा, एकदा मोठे गटपेपर बाजूला ठेवून. सीमा कुठे आखायची याला पक्का नियम नाही. मी साधारण पंचवीस लेखकांच्या आसपास आखते आणि ते टिपणात लिहिते. व्हीओएसव्ह्यूअर हे नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये तयार झालेलं मोफत साधन यासाठी चांगलं आहे. जास्त लेखकांचे पेपर वगळायची सोय त्यात आहे, आणि अपूर्णांकी मोजणीचीही. अपूर्णांकी मोजणी म्हणजे पेपरवर जितके जास्त लेखक, तितका प्रत्येक नात्याचा भार कमी. भौतिकशास्त्रज्ञ मार्क न्यूमन यांनी २००१ मध्ये सुचवलेली रीत मला पटते: पेपरवर जितके लेखक, त्यातून एक वजा करून त्या संख्येने एकाला भागायचं. पाच लेखक असतील तर प्रत्येक नात्याला पाव, तीनशे असतील तर एक भागिले २९९. असं केलं की प्रत्येक पेपरमधून मॅडमच्या वाट्याला नात्यांचा मिळून एकच गुण येतो, आणि ज्यांच्याबरोबर त्या खरोखर बसून काम करतात ती नावं वर येतात.

मोठे पेपर वगळल्यावर देशांचा आकडा धाडकन खाली येईल. कदाचित दहा-बारा उरतील. घाबरू नका. उरलेल्या त्या दहा-बारांतच सांगण्यासारखं सगळं आहे. कोणत्या गटाबरोबर सलग किती वर्षं पेपर येत आहेत ते पाहा. तीनपेक्षा जास्त वर्षं आणि किमान तीन पेपर झालेल्या सहलेखकांना मी टिकाऊ सहकारी म्हणते. ही माझी सोय आहे, मापकशास्त्रातला नियम नाही. त्या सहलेखकांचे विभाग पाहा: संख्याशास्त्र, परिचर्या, बालरोग, आरोग्य अर्थशास्त्र. संस्थेच्या पत्त्याची ओळ नीट वाचली की हे कळतं. आणि पेपरवर मॅडमचं स्थान पाहा. आरोग्यक्षेत्रात पहिलं नाव बहुधा मुख्य काम करणाऱ्याचं आणि शेवटचं मार्गदर्शकाचं असतं. आरोग्य अर्थशास्त्रज्ञांसोबतचे पेपर असतील तर तिथे आडनावांच्या वर्णानुक्रमाने नावं देण्याची रीतही आढळते, मग स्थानावरून काही निष्कर्ष काढू नका. काही जर्नल आता प्रत्येक लेखकाने काय केलं ते क्रेडिट या चौदा भूमिकांच्या यादीतून छापतात. जिथे ती आहे तिथे तीच वापरा, अंदाज बांधू नका.

इथे मला मनापासून एक गोष्ट सांगायची आहे. मौखिक आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय पेपरांत एक नेहमीचं चित्र दिसतं: मुलांचे दात एका देशात तपासले, आकडेमोड दुसऱ्या देशात झाली, आणि पहिलं नि शेवटचं नाव दुसऱ्या देशातलं. दात तपासणारे मध्ये कुठेतरी. देश मोजणारा आकडा हे सगळं ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ म्हणून एकाच पारड्यात टाकतो. मॅडमच्या संयुक्त पेपरांपैकी कितींमध्ये जिथे नमुना गोळा झाला तिथला माणूस पहिला किंवा शेवटचा लेखक आहे, ते मोजा. त्यांनी स्वतःच्या विद्यार्थ्यांना, क्षेत्रावर काम करणाऱ्या दंतवैद्यांना पहिलं नाव मिळू दिलं असेल, तर सहकार्याचा इतका ठोस पुरावा दुसरा नाही. त्या विद्यार्थ्यांची पुढे स्वतःची संशोधनं उभी राहिली का, हेही ऑर्किड आणि डेटाबेसवरून कळतं. मी पाहिलेल्या टिपणांत हा भाग जवळपास नेहमी सुटलेला असतो.

धोरणांतला वापर मोजणं वेळखाऊ आहे, पण मॅडमच्या विषयात ते टाळता येणार नाही. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, कीड थोपवणारं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड आणि दात भरायचं ग्लास आयोनोमर सिमेंट यांचा समावेश झाला. त्यामागे कित्येक वर्षांची क्षेत्रीय चाचण्यांची शिदोरी होती. अशा निर्णयांच्या कागदपत्रांत एखादा पेपर आला, तरी स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स त्याची नोंद सायटेशन म्हणून सहसा करत नाहीत. त्यामुळे मार्गदर्शक तत्त्वं, मंत्रालयांचे अहवाल, आरोग्य कार्यक्रमांच्या पुस्तिका यांत मॅडमच्या पेपरचं शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून शोधा. सापडलं तर पान क्रमांकासह नोंदवा. अशा तीन-चार नोंदी एच-इंडेक्समधल्या पाच अंकांच्या फरकापेक्षा जड भरतात.

आतापर्यंतचा क्रम एकदा जुळवून घ्या: तपासलेली यादी, मग एका डेटाबेसमधले मुख्य आकडे, मग क्षेत्राशी तुलना, मग दोनशे वाक्यांचं वाचन, मग दोन नकाशे, आणि शेवटी धोरणांतला शोध. लिहिताना पान उलटं भरा. आधी मॅडमच्या कामाचे दोन-तीन धागे शब्दांत सांगा, आणि प्रत्येक धाग्याला त्याचा आकडा जोडा. संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलच्या २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याचा आग्रह हाच आहे की आकड्यांनी जाणकारांच्या निवाड्याला आधार द्यावा, त्याची जागा घेऊ नये. आणि जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर मॅडमच्या पेपरची गुणवत्ता म्हणून देऊ नका; याच विषयावर २०१२ मध्ये मांडलेला सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामाही हेच सांगतो. इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलमधल्या लेखांना मिळणाऱ्या सायटेशनची सरासरी सांगतो. दंतवैद्यकात आढावा लेख छापणाऱ्या जर्नलचा तो उंच असतो, कारण आढावा लेखांना मुळातच जास्त सायटेशन मिळतात.

तुमच्या ९० देशांचं वाक्य मी असं लिहीन: ‘मोठे जागतिक प्रकल्प वगळता प्राध्यापिकांचे सहलेखक इतक्या देशांतले आहेत. त्यांपैकी इतक्या गटांसोबतचं काम इतकी वर्षं सलग चालू आहे. याशिवाय त्या मौखिक आजारांच्या जागतिक ओझ्यावरच्या दोन बहुराष्ट्रीय पेपरांच्या सहयोगी आहेत.’ रिकाम्या जागा तुमच्या यादीवरून भरा. दोन्ही गोष्टी सांगितल्या जातात, आणि एकीचा भार दुसरीवर पडत नाही.

टिपण पाठवायच्या आधी मॅडमना एक प्रश्न जरूर विचारा: तुमच्या मते तुमचे सर्वांत महत्त्वाचे तीन पेपर कोणते? ही तीन नावं सायटेशनच्या क्रमाशी ताडून पाहा. दोन जुळतात आणि एक कुठेतरी खाली असतो, असं मला पुष्कळदा दिसलं आहे. तो खालचा पेपर लहान जर्नलमध्ये, स्थानिक भाषेत किंवा विषयाकडे कुणाचं लक्ष नसताना आलेला असतो. तो का महत्त्वाचा, हे त्यांना त्यांच्या शब्दांत सांगू द्या. ते चार ओळींत लिहून घ्या, आणि तो पेपर टिपणाच्या पहिल्या पानावर ठेवा.